कोनता सोमाजी?

खुशालच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला तो मुखरूभाऊच्या खर्‍यापासून. मुखरूभाऊ धानोऱ्याले आला सोयरीक घेऊन, खुशालच्या बहिनीसाठी, कांतासाठी, अन् तोंडात सुपारी-तंबाखूचा हा एवढा खर्रा! थुकायचं तं नाईच, तसाच बोलला, "सिंदेवाहीचा पोरगा आहे. सोमाजी रामटेके. पोराले नाव लय गा!"

आता नाव म्हनला का आनखी काय म्हनला, गालात खर्रा होता, पन खुशालनं ऐकलं ते हेच. नाव लय. म्हनजे पोरगा नामांकित.

"कायचं नाव, भाऊ?" खुशालनं विचारलं.

मुखरूभाऊनं बोट वर केलं, म्हनजे थांब, सांगतो. तेवढ्यात बाहीर एसटीचा हॉर्न वाजला, अन् भाऊ धोतर सावरत पयाला, बसला गाडीत, अन् गेला थेट बल्लारपूरले लेकीच्या बाळंतपनाले. महिनाभर येत नाई. आता विचारा कोनाले!

दुसऱ्या कोनाचं घर असतं तं म्हनले असते, नाव आहे ना पोराचं, मंग झालं. पन या घरानं चंदाची गत पाह्यली होती. चंदा म्हनजे त्यायच्या काकाची पोरगी. तिच्यासाठी सांगून आला आरमोरीचा वारलू मास्तर. सारे खूश, मास्तर भेटला, मास्तर भेटला! लग्न झालं अन् आठ दिवसानं समजलं का आरमोरीत वारलू मास्तर दोन आहेत. एक शाळेतला अन् एक कपडे शिवनारा. चंदाच्या वाट्याले शिवनारा आला. चंदा काय म्हनली मालूम? म्हनली, "शिवनारा बी चालला असता मले. पन सांगतलं काऊन नाई?"

तेव्हापासून कांताच्या मनात ते बसलं. ती खुशालले म्हनली, "दादा, पोरगा कसा बी असो, खरा पाह्यजे. तू सोता जाऊन पाहून ये. मंगच मी हो म्हनीन."

"जातो. कवा जाऊ, माय?"

त्यायची माय ठमाबाई चुलीपाशी होती. ती म्हनली, "मंगळवारच्या उद्या जाय."

मंगळवारच्या उद्या! आता तुमी म्हनान बुधवार म्हनाले काय झालं. तं खुशालच्या बापाचं नाव होतं बुधाजी. ठमाबाईनं सारी जिंदगी बुधवार तोंडातून काढला नाई. दुकानात जाऊन बी म्हने, मंगळवारच्या उद्याचा बाजार. घरात हसून हसून सारे थकले, आता कोनी हसत बी नव्हतं.

तं खुशाल निंगाला. गडचिरोली जिल्हा होऊन तीन-चार सालं झाले होते, पन सडक तीच, खड्डे तेच. धानोरा ते गडचिरोली, गडचिरोली ते मूल एसटीनं, अन् मूलहून छोटी रेल्वे. ती अशी हळू का मानूस उतरून लघवी करून परत चढन. गाडीत बसल्या बसल्या खुशालनं ठरवलं, सोयरीकीचं काई बोलाचंच नाई. कोनी विचारलं तं सांगाचं, धानाचं बियानं पाहाले आलो. सिंदेवाहीत धानाचं संशोधन केंद्र आहे, कोनाले शंका येनार नाई.

स्टेशनाच्या बाहीर बापूरावची चहाची टपरी होती. खुशालनं कप हातात घेतला अन् सहजच विचारल्यासारखं विचारलं, "इथी सोमाजी रामटेके म्हनून आहे का गा कोनी?"

बापूरावनं गाळनी खाली ठेवली. "कोनता?"

"म्हनजे?"

"नाटकवाला, पटवाला का नामांतरवाला?"

तीन! आरमोरीत तं दोनच होते!

"नाटकवाला म्हनजे," बापूराव बोटावर मोजत सांगाले लागला, "रानीचं काम करते. तो रडला का सारा मंडप रडते. पटवाला म्हनजे बैलायच्या शंकरपटात त्याची जोडी सुटली का मांगं धूळच दिसते. अन् नामांतरवाला विद्यापीठाच्या आंदोलनात जेलात जाऊन आला, भाषन ठोकते का टपरीवरचे कप वाजते माहे. तिघायचंई लय नाव आहे गा."

लय नाव!

"पन तिघायचंई एकच नाव कसं काय?"

"तिघंई सोमवारचे. मोहल्ल्यात धुरपताबाई दाई होती. सोमवारी झाला का सोमाजी, शुक्रवारी झाली का सुकरी. बुढीले तिसरं कई सुचलंच नाई." बापूरावनं त्याले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. "तुमाले काय काम होतं?"

"बियानं... धानाचं बियानं."

"नाटकवाल्याकडं?"

खुशालनं चहा तसाच ठेवला अन् निंगाला रामटेके मोहल्ल्याकडं. डोकं गरगर करून राह्यलं होतं. रानी बननारा असला तं कांताले काय सांगू? पटवाला असला तं तो बैलायवर पिरेम करन का बायकोवर? अन् जेलवाला परत जेलात गेला तं? अन् मुखरूभाऊ बोट वर करून पयाला काऊन? गाडीचा हॉर्न वाजला म्हनून, का खरं सांगाचं नव्हतं म्हनून?

मोहल्ल्यातल्या पयल्याच घरासमोर एक बाई सुपानं धान पाखडून राह्यली होती. सुगंधाबाई तिचं नाव, हे त्याले मांगून समजलं.

"काकू, सोमाजी रामटेकेचं घर हेच का?"

बाईनं झटकन डोक्यावर पदर ओढला. सूप थांबलं. खाली मान घालून हळूच म्हनली, "हो. पन ते तं नाईत."

"कुठी गेले?"

"वारले गा ते."

"वारले? कवा?"

"तीन सालं झाले. तू कोनाचा, बाबा?"

खुशालनं मनात हिशोब लावला. नवरदेव तीन सालापयले मेला अन् सोयरीक मांगच्या आठवड्यात आली! मुखरूभाऊनं मेलेल्या मानसाचं नाव सांगतलं, म्हनजे त्या नावावर बसनारा दुसराच कोनी आहे! चंदाचा मास्तर तरी जिता होता! तो उलट पावली फिरला, बाई मांगून "पानी तं पेऊन जाय गा" म्हनत राह्यली, अन् हा टपरीपर्यंत कसा आला त्याले समजलं बी नाई.

टपरीवर बापूराव एकटा नव्हता. बाकड्यावर तीन जन बसले होते. एकाचे केस खांद्यापर्यंत अन् भिवया बारीक. एकाच्या हातात तुतारी, म्हनजे बैल हाकाची काठी. तिसऱ्याच्या खिशाले दोन पेन. बापूरावनं हनवटीनं खुशालकडं दाखवलं, "हाच तो."

"बस," पेनवाला म्हनला. "आमच्या नावानं विचारत फिरून राह्यला म्हने तू. कोनी पाठवलं? सीआयडी आहे का?"

"नाई, नाई! मी बियान्यासाठी..."

"बियानं!" पटवाल्यानं तुतारी जमिनीवर आपटली. "माह्या बैलायले काई खाऊ घालाले तं नाई आला ना बे? पंधरा दिवसावर पट आहे माहा!"

"थांब गा," नाटकवाला म्हनला, अन् आवाज असा गोड का खुशालले आनखीनच भेव वाटलं. "चेहरा पाहा त्याचा. हा घाबरलेला आहे, चोर नाई. घाबरल्याचं काम मी वीस नाटकात केलं."

तिघायनं असं घेरलं का खुशालची जीभच सुटली. "मुखरूभाऊनं पाठवलं! बहिनीसाठी! तुमच्यातला नवरदेव कोनता, तेवढं सांगा, अन् मेलेला कोनता ते बी सांगा!"

मंग पटवाला म्हनला, "माहे तं दोन पोरं आहेत." नाटकवाल्यानं बोट वर केलं, "माहं बी लग्न झालं." पेनवाला म्हनला, "आमी तिघंई लग्न झालेले. अन् मेला कोन?"

"त्या पयल्या घरातल्या काकू म्हनल्या. सोमाजी वारले, तीन सालं झाले."

तिघायनं एकमेकाकडं पाह्यलं अन् असे हासले का नाटकवाल्याच्या डोळ्यातून पानी आलं. पेनवाला म्हनला, "अरे बावा, ते सुगंधाकाकूचे सासरे! आबाचं नाव सोमाजी. काकूच्या पोराले आबाचंच नाव ठेवलं, म्हनून काकू पोराले त्या नावानं कई हाक मारत नाई. मी भाषनात सांगतो, हे सारं सोडा. काकू पयल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते, पन नाव नाई घेत. तिच्यापाशी सोमाजी म्हनलं का सासराच!"

मंगळवारच्या उद्या! खुशालनं कपाळावर हात मारून घेतला. सारी जिंदगी ज्या मायच्या हाताची भाकर खाल्ली, तिच्याच पोटचा पोरगा नावाच्या या फेऱ्यात फसला गा!

"म्हनजे चौथा सोमाजी आहे?"

"कोनता सोमाजी? प्रॉम्टर!" नाटकवाला म्हनला. "पडद्यामांगून तो बोलते म्हनून मी रानी दिसतो."

"झेंडीवाला म्हन," पटवाला म्हनला. "पटात झेंडी तोच पाडते. भाऊबंद असून माह्या जोडीले कई एक हात बी सूट देल्ली नाई त्यानं."

"माह्या सभेचे बॅनर तोच लिवते," पेनवाला म्हनला. "मी त्याले पेंटर म्हनतो. काकू बाबू म्हनते. पोराले नावं लय गा!"

नावं लय. खुशालच्या कानात मुखरूभाऊचा खर्रा आता कुठी मोकळा झाला.

तरी संशयाचा किडा असा लवकर मरते का? तेवढ्यात तो पोरगाच सायकलवर आला, अंगाले धानाचा भुसा, कानामांगं निळा रंग लागलेला, अन् खुशालनं ना राम राम ना जयभीम, थेट विचारलं, "खरं नाव?"

"सोमाजी. हजेरीपटावर." तो जरासा हासला. "जयभीम, भाऊ. तुमी धानोऱ्याचे का?"

"हो. मुखरूभाऊ म्हनले तुमाले लय नाव आहे."

"मले?" पोरानं बाकड्यावरच्या तिघायकडं पाह्यलं. "नाव तं या तिघायचं आहे. मी त्यायच्या मांगं असतो." मंग सायकल भिताडाले टेकवली अन् जवळ येऊन हळू बोलला, "भाऊ, एक गोष्ट. मुखरूभाऊनं नोकरी पक्की सांगतली असन तं ते खरं नाई. मी धानाच्या केंद्रात रोजंदारीवर आहो. पक्का होईन का नाई माहीत नाई. घरी हे सांगजा. मांगून कोनाले वाईट वाटाले नको."

खुशालनं हे विचारलंच नव्हतं. गाडीत बसून त्यानं पन्नास सवाल मनात ठरवले होते, अन् हा सवाल त्यात नव्हताच.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचला तं कांता अंगनात मोहाच्या झाडाखाली उभी होती, पानी बी देल्लं नाई, पयले विचारलं, "कोन आहे?"

खुशालनं सारं सांगतलं. तीन सोमाजी, मेलेला सोमाजी, झेंडी, बॅनर. रोजंदारीचं सांगताना तो जरासा अडखळला, पन सांगतलं.

कांतानं हातातली घागर खाली ठेवली. मंग म्हनली, "हे तू विचारलं का त्यानं सांगतलं?"

"त्यानं. आपून होऊन."

"झेंडी पाडताना भाऊबंदाले बी सूट देत नाई?"

"एक हात बी नाई."

"मंग मुखरूभाऊले कार्ड टाक. हो म्हन."

ठमाबाई घरातून बाहीर आली, हात पिठाचे. तिले धड काई ऐकू गेलं नव्हतं. "काय ठरलं व? पोराचं नाव तं सांगा मले!"

"सांग ना, कांते," खुशाल म्हनला.

कांतानं तोंड उघडलं. "सो..." म्हनली, अन् थांबली. ओठ असे दाबून घेतले अन् घागर उचलून हिरीकडं चालली.

ठमाबाई पाहातच राह्यली तिच्याकडं. मंग खुशालले म्हनली, "राहू दे गा. समजलं मले."