पिवळ्या तंबूतली पँट

सहलीला निघण्यासाठी दुकानाचं शटर खाली ओढताना चष्मेवाल्यांना एकच काळजी होती. समुद्रात आपल्या होडीत सासूबाई येऊ नयेत. नेमक्या त्याच आल्या.

त्यांची बायको लोकांना गाडी चालवायला शिकवायची, त्यामुळे समोरचा चुकणारच हे धरूनच ती बोलायची. छोट्याशा खाडीत पिवळा तंबू ठोकून झाल्यावर तिने दोन्ही कयाक, म्हणजे दोघांच्या अरुंद होड्या, पाण्याकडे ओढल्या आणि लेकीचा हात धरून जाहीर केलं, "मी नि चिमणी या होडीत. तुम्ही नि आई त्या होडीत."

"अगं, पण..."

"पण काय?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"काही नाही, आई. बसा."

लग्नाला इतकी वर्षं होऊनही जावई-सासू एकमेकांशी पाहुण्यांसारखंच बोलत. सासूबाई इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या. नोकरी सुटली, आवाज मात्र वॉर्डातलाच राहिला. जावयाच्या दुकानात आल्या की काउंटरवरची धूळ बोटाने दाखवून देत, पण "डोळे तपासू का?" म्हटलं की "मला सगळं स्वच्छ दिसतं" म्हणत पर्स उचलत.

पहिल्याच लाटेने चष्मेवाल्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"बाबा, इकडे दे, पडेल!" शेजारच्या होडीतून हात लांबवून चिमणीने तो घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला. त्यानंतर चष्मेवाल्यांना समुद्र म्हणजे निळं आणि किनारा म्हणजे तपकिरी, एवढंच कळत होतं.

सासूबाई पुढे बसून फक्त उजवीकडून वल्हं मारत, कारण डावा खांदा दुखत होता. होडी गोल फिरे. मागून चष्मेवाले घामाघूम होऊन ती सरळ करत. सुळक्यांवरचे पांढरे पक्षी पाहून परतताना मायलेकी फोटो काढत मागे राहिल्या आणि सासूबाईंनी वल्ह्याने दिशा दाखवली.

"तो बघा आपला तंबू."

"नक्की ना, आई?"

"म्हणजे? मला दिसत नाही असं म्हणायचंय तुम्हाला?"

चष्मेवाल्यांना एक पिवळा डाग दिसत होता. वाद नको म्हणून त्यांनी होडी डागाकडे वळवली.

आत भयंकर पसारा होता. "शी! माझ्याच मुलीने घातलाय हा," म्हणत सासूबाईंनी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. चष्मेवाल्यांनी स्टोव्ह पेटवून अंडी उकडायला ठेवली.

"आपण एवढी अंडी आणली होती?"

"तिला अंदाज कुठेय कशाचा? आधी ती ओली पँट बदला. ही घ्या कोरडी."

चष्मेवाल्यांनी आडोशाला जाऊन पँट चढवली. तिच्यात ते दोनदा मावले असते.

"बारीक झालात की हो!" सासूबाई कळवळल्या. "खायला घालते की नाही ती तुम्हाला?"

पहिलं अंडं सोलून होतंय तोच एक दाढीवाला आडदांड गृहस्थ पाण्यातून निथळत वर आला. त्याने स्टोव्हकडे पाहिलं, घड्यांकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांकडे.

"ही माझी पँट आहे," तो म्हणाला.

चष्मेवाल्यांच्या सगळं ध्यानात आलं. ते गडबडीने उठले आणि माफी मागत त्यांनी हात पुढे केला. दुर्दैवाने पँट त्याच हाताने धरली होती.

नेमकी तेव्हाच दुसरी होडी किनाऱ्याला लागली. "अहो! आपली खाडी पुढची!" बायको ओरडली, आणि मग नवऱ्याचा अवतार पाहून तिने कपाळावर हात मारला.

गृहस्थ काही बोलणार, इतक्यात सासूबाई कडाडल्या, "तुम्ही आधी अंग पुसा! ओलं बसलात तर छाती भरेल." त्याने निमूटपणे टॉवेल घेतला. एवढंच नव्हे, निघताना सगळ्यांना एकेक अंडंही दिलं.

पुढच्या खाडीकडे जाताना चष्मेवाले पुन्हा होडी सरळ करत राहिले. मग मागे न वळता सासूबाई हळूच म्हणाल्या, "जवळ येईपर्यंत मला तो माणूस बाईच वाटला."

चष्मेवाल्यांनी वल्हं थांबवलं. "कधीपासून होतंय असं?"

"झाले बरेच दिवस. आयुष्यभर दुसऱ्यांना धीर दिला हो. स्वतःवर आलं की भीती वाटते."

"जवळचं दिसतं ना? मग बहुतेक नंबरच असेल. आपण दोघं जाऊन नीट तपासून घेऊ. मी असेन बरोबर."

"हिला सांगू नका इतक्यात."

"नाही सांगत."

"मीसुद्धा तुमच्या पँटचं कुठे बोलणार नाही."

"सगळ्यांनी पाहिलंय, आई!"

सासूबाई खुदकन हसल्या. मग त्यांना हसू आवरेना. त्यांचे खांदे गदगदायला लागले, होडी डुलायला लागली, चष्मेवालेही खोखो हसत सुटले.

"हलू नका! हलू नका म्हणतेय ना!" दुसऱ्या होडीतून बायको ओरडत राहिली. होडी शांतपणे कलंडली. पाणी कमरेएवढंच होतं. दोघं भिजून उभे राहिले, आणि जावयाच्या दंडाला घट्ट धरून सासूबाई अजून हसतच होत्या.