काचेजवळचं टेबल

पुंजाजीनं काचेचं दार ढकललं, ते हललं नाही. पुन्हा जोर लावला, तरी जागचं ढळेना. आतून वेटरनं खूण केली तेव्हा कळलं की दार ओढायचं आहे. अकरा वर्षं ज्या हॉटेलला भाजी घातली, त्याचं पुढचं दार कसं उघडतं हे माहीत नसावं, याची त्याला मनातून लाज वाटली. पण माहीत असणार कसं? भाजीवाल्याचं दार मागचं.

त्याच्यामागं कमलीबाई अंग चोरून उभी होती. ती तांड्यावरची, याच हॉटेलच्या मागच्या शेडमध्ये बसून रोज पोतंभर भाजी चिरायची. आज ठेवणीतली साडी आणि कपाळाला ठसठशीत कुंकू.

"भाऊ, चपला कुठी काढू?"

"नोको काढू. इथं कोनीच काढत नाई."

शेलूबाजारच्या हमरस्त्यावरचं हॉटेल. भर दुपारी प्रवाशांची दोन कुटुंबं जेवत होती. गल्ल्यावरचा मालक, हरीओम, या दोघांना पाहून उठलाच.

"काका, माल मागं उतरवला का?"

"माल नाई आज. जेवाले आलो. मंजे, हे जेवीन. आवडाची नवमी हाये."

आपल्याच शेडमधली बाई गिऱ्हाईक म्हणून समोर उभी, हे हरीओमच्या पचनी पडायला जरा वेळ लागला. मग तो म्हणाला, "बसा ना. कोपऱ्यात बसता?"

"नाई. काचेजवळ."

पितृपक्षातली नवमी म्हणजे कुंकू घेऊन गेलेल्या बाईचा दिवस. त्या दिवशी सवाष्ण बोलवायची, गेलेलीच जेवायला आली असं मानून तिला पोटभर वाढायचं आणि शेवटी विचारायचं, तृप्त झाली का? तिनं "झाली" म्हटलं की गेलेली मोकळी, अशी पुंजाजीच्या घरची रीत. मागच्या वर्षी सुनेनं, सुचितानं, कढी, वडे, खीर सगळं साग्रसंगीत केलं. गल्लीतली सवाष्ण जेवली, तृप्त झाली म्हणाली. पण आवडाबाई, पुंजाजीची बायको, काही गेली नाही.

हे पुंजाजीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा-बायको मंगरूळपीरजवळच्या मळ्यातून मोपेडवर माल घेऊन यायचे. ती मागं बसली की त्याच्या खांद्यावर दोन बोटं मारायची. बोटं पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा त्यांचा नेम. तापाचं निमित्त झालं आणि ती गेली, त्याला आता दीड वर्ष होत आलं. बोटं अजून पडत होती. मळ्यात नाही, घरी नाही, फक्त इथं, या हॉटेलपाशी गाडीवर बसलं की डाव्या खांद्यावर दोनदा. पहिल्यांदा त्याची बोबडी वळली. मग तो वाट बघायला लागला. हल्ली तर तो त्या दोन बोटांसाठीच माल घेऊन यायचा, हे खरं.

ती इथंच का घुटमळते, हेही त्याला ठाऊक होतं. माल मोजून होईस्तोवर आवडाबाई कमलीबाईजवळ बसून पानकोबीची वरची पानं काढायची. आतून मंचुरियनच्या प्लेटा पुढं जाताना मान उंच करून बघायची. एकदा म्हणाली, "एकडाव समोरून जाऊ ना हो. माह्या पानकोबीचं काय करतात, पाहू तं द्या."

"असे मातीचे पाय घेऊन? लोकं हसतीन."

तिनं आपल्या पायांकडं पाहिलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही. त्या एका बोलण्यासाठी पुंजाजीनं स्वतःला किती शिव्या घातल्या असतील, त्याला सुमार नाही.

सकाळी सुचितानं कपाळाला हात लावला होता. "मामाजी, नवमीले कोनी चायनीज खाऊ घालते काय? अन् ते बाई आपल्यातली बी नाई."

"तुह्या सासूच्या मनातलं तिलेच ठाऊक होतं, पोरी. घरचं तू कर. राह्यलं ते मी करतो."

मंचुरियनची वाफाळती प्लेट आली. वेटर वाढायला पुढं झाला तसा पुंजाजीनं चमचा त्याच्या हातातून घेतला. नवमीचं घरच्यानंच वाढायचं. तो उभ्यानं वाढत राहिला. शेजारची मंडळी बघत होती, हसतही असतील. त्याचं त्याला काही वाटलं नाही. आधी कधी वाटलं होतं, त्याचंच वाईट वाटलं.

कमलीबाईनं एक गोळा फोडून आतली बारीक पानकोबी निरखली. "रोज मीच चिरतो. खाऊन आजच पाह्यली."

"कशी हाये?"

"तिखट हाये, गोड हाये, आंबट बी हाये. आवडाबाई असती तं म्हनली असती, याच्यात माही पानकोबी कुठी गेली व?"

पुंजाजी हसला आणि हसता हसताच त्याला भरून आलं.

तिनं चार गोळे खाल्ले, चार ठेवले आणि प्लेट समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं सरकवली. आवडाबाई हेच करायची. भजं असो की पेरू, अर्धं त्याचं.

"बसा," कमलीबाई म्हणाली. "तुमच्याशिवाय आवडाबाई जेवली काय कधी?"

तो बसला. खाल्लं. चव कळली नाही, पण प्लेट पुसून खाल्ली.

आता विचारायचं होतं. हिनं हो म्हटलं की ती बोटं गेली. न विचारताच उठलं तर? कोण जाब विचारणार होतं? तो काचेतून बाहेर मोपेडकडं बघत राहिला.

मग कमलीबाई हळूच म्हणाली, "भाऊ, म्हनू का? एकडाव म्हनलं का ते जाईन."

"तुले कसं मालूम?"

"माल उतरवला का तुमी गाडीवर बसून थांबता. मी शेडमधून रोज पाह्यतो ना. कोनासाठी थांबता, मले नाई समजत काय?"

पुंजाजीनं उपरण्यानं तोंड पुसलं, हात जोडले आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तसं विचारलं, "तृप्त झाली का?"

"झाली," कमलीबाई म्हणाली. "लय तृप्त झाली."

बाहेर आल्यावर ती मागच्या शेडकडं वळली. संध्याकाळची भाजी चिरायची होती. पुंजाजी मोपेडवर बसला. डावा खांदा किंचित मागं करून थांबला. एक ट्रक गेला. मग दुसरा गेला. हरीओमनं दारातून विचारलं, "काका, गाडी चालू नाई होऊन राह्यली का?"

"होते," पुंजाजी म्हणाला.

तरी तो आणखी थोडा वेळ थांबला. मग सीटवर जरा मागं सरकला. दीड वर्ष तो मागच्या माणसापुरती जागा सोडून बसत होता.