एक गेट की दोन

एखाद्या गाडीचं दुखणं कुणालाच सापडेना की लोक म्हणायचे, "कानसेनकडे न्या." त्याचं खरं नाव आता फक्त लायसन्सवर उरलं होतं. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं जुळवून देणं हा त्याचा धंदा, आणि पद्धत अगदी जुनाट. इंजिनाच्या ब्लॉकला तांब्याची नळी बोल्टने आवळायची, तिला रबरी नळी जोडायची आणि तिचं दुसरं टोक कानांवरच्या जाड मफमध्ये घुसवायचं. सिलिंडरमध्ये पेट्रोल नको तेव्हा भडकलं की पत्र्यावर मूठभर तांदूळ पडल्यासारखा बारीक आवाज येतो. तो नॉकिंगचा आवाज. तो क्षणभर जास्त चालला तर पिस्टनला भोक. आवाज आला की कानसेन हात वर करायचा, आणि गाडीत बसलेल्याने त्याच क्षणी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. हात वर झाला की पाय वर, हा त्या गॅरेजचा कायदा होता. त्यावर चर्चा नाही.

गेली सहा वर्षं तो पाय त्याच्या मुलीचा होता. लहानपणी एका जागी म्हणून थांबायची नाही, तेव्हापासून तिला सगळे भिंगरी म्हणत. वर्षातून एकदा घाटातली शर्यत असायची, एकेक गाडी वर सोडत आणि घड्याळ लावत. त्यात भिंगरी दोनदा पहिली आली होती.

आणि गेल्या महिन्यात कानाच्या डॉक्टरने कानसेनसमोर एक आलेख ठेवला होता. त्यावरची रेघ डावीकडे बरी होती, उजवीकडे मात्र धाडकन खाली उतरली होती. "बोलणं, गडगडाट, जाड आवाज ऐकू येतील. बारीक आवाज गेलेत," डॉक्टर म्हणाला होता, "आणि ते परत येत नसतात." कानसेनने आलेखाची चार घड्या केल्या, खिशात घातला आणि घरी येऊन सांगितलं की कानात मळ साठला होता. एवढा थोर कारागीर, पण खोटं बोलायला शेवटी मळच सापडला.

मंगळवारी सकाळी मामाने टेबलावर तीन वस्तू मांडल्या. मामा म्हणजे कानसेनचा मेव्हणा. वेल्डिंगचं काम त्याचं, आणि गॅरेजात लहानथोर सगळे त्याला मामाच म्हणत. टेबलावर एक मोठं वेस्टगेट होतं आणि दोन लहान.

"दाजी, आता काय ते ठरवा," मामा म्हणाला. "टर्बो फिरतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर. धूर जास्त झाला की तो इंजिनात नको तेवढी हवा कोंबतो. म्हणून हे गेट. कुकरच्या शिट्टीसारखं, जास्तीचं बाहेर सोडायचं. पण या टर्बोला धूर दोन वाटांनी येतो. नियमाने दोन वाटांना दोन गेट. दुसरं बसवायचं तर स्टिअरिंगचा दांडा आडवा येतोय. इंजिनातून धूर बाहेर आणणारा अख्खा मॅनिफोल्ड कापून नवा करावा लागेल. रविवारची शर्यत विसरा."

"आणि एकच लावलं तर?"

"दोन्ही वाटांना नळ्या काढून एका मोठ्या गेटला जोडतो. जमेल. फक्त या वळणावर धूर वळायला कुरकुर करणार. गेट सताड उघडं असलं तरी वरच्या स्पीडला प्रेशर आपलं आपण चढू शकतं." मग मामा हसला. "दुसऱ्या कुणाचं गॅरेज असतं तर डोळे मिटून दोन म्हणालो असतो. पण इथे तुमचे कान आहेत की! चढलं तर तुम्ही पकडणार, तिथे इंजिन थंड ठेवायला पेट्रोल वाढवणार, झालं."

"एकच लावा ना," भिंगरी म्हणाली. "दोन म्हणजे दोन पडदे, दोन स्प्रिंगा, दोन होसपाईप. एक जरी फाटला तरी बोंब. आणि वजन वाढतं ते वेगळंच."

तिचं काही चुकत नव्हतं. मामाचंही नव्हतं. दोघांचा सगळा हिशेब एका कानावर उभा होता आणि तो कान बंद आहे हे तिथे फक्त एकाला माहीत होतं. 'दोन' हा शब्द कानसेनच्या ओठांपर्यंत आला. पण दोन म्हटलं की मामा विचारणार, का? आणि त्या 'का'ला त्याच्याकडे एकच उत्तर होतं.

"एकच," तो म्हणाला.

घाटातला शेवटचा अर्धा किलोमीटर सरळ चढ, तिथे कुणी पाय उचलत नाही. तिथे पिस्टन फुटला तर इंजिनातलं तेल स्वतःच्याच मागच्या चाकांखाली येतं. डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला काहीच नाही. त्याला डोळे मिटायची भीती वाटू लागली, कारण मिटले की उजवी बाजू दिसायची.

गुरुवारी संध्याकाळी तो खोलीत फोन घेऊन बसला. कुणीतरी नॉकिंगचा आवाज टेप करून इंटरनेटवर टाकला होता, तो त्याने लावला. नुसती घरघर. आवाज वाढवला, अजून वाढवला, पूर्ण केला. घरघर मोठी झाली, तांदूळ काही पडेनात.

"अहो, बंद करा ते!" बायको दारात येऊन ओरडली. "काय तडतड लावलीय मघापासून?"

"तुला ऐकू येतंय?" त्याने विचारलं.

"मेलेला माणूससुद्धा उठून बसेल," ती म्हणाली आणि निघून गेली.

अजूनही वेळ होती. उठून जावं, मुलीच्या खोलीचं दार वाजवावं, एवढंच करायचं होतं. तो उठला, दारापर्यंत गेलाही. आतून ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती: "छे गं, भीती कसली? बाबा आहेत ना खाली." तो आल्या पावली परत फिरला. माणूस भित्रा असला की त्याला कौतुकसुद्धा बेडी होतं.

शुक्रवारी दुपारी गाडी रोलरवर चढवली, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरणार. पट्ट्यांनी चारही बाजूंनी आवळली, बॉनेट काढून भिंतीला टेकवलं. मामा मागे रोलरच्या स्विचपाशी उभा राहिला. कानसेन पुढच्या चाकाशी, कानांवर मफ, काचेतून मुलीला त्याचा हात दिसेल असा. प्रेशरचा काटा गाडीत होता, पण भिंगरीने त्याच्याकडे बघायचं नाही हाही कायदाच. डोळे फक्त हातावर.

पहिली फेरी हलकी झाली. दुसरी मध्यम. तिसरीला त्याने मान हलवली आणि तिने पाय पूर्ण दाबला.

इंजिन चढत गेलं. मिनिटाला चार हजार फेरे, पाच हजार. छातीत धडधड भरली, पायाखालची फरशी थरथरायला लागली. मफमध्ये एक जाड, गोल, छान आवाज होता. इतका छान की त्याच्या अंगावर काटा आला. बिघडलेलं इंजिन आणि ठणठणीत इंजिन त्याला आता एकसारखंच वाजणार होतं. सहा हजार. हात वर करू? कशावरून? उगाच केला तर विचारतील काय ऐकलंत. सहा हजार पाचशे. देवा, काहीतरी ऐकू येऊ दे.

तेवढ्यात त्याचं लक्ष काचेतून तिच्या चेहऱ्यावर गेलं. तिने खालचा ओठ दातांत घट्ट धरला होता, भुवया कपाळात चढल्या होत्या आणि डोळे त्याच्या हातावर खिळले होते. लहानपणी डॉक्टर सुई टोचायला यायचा तेव्हा ती त्याच्याकडे अशीच बघायची. तिच्या त्या चेहऱ्याला घाबरून त्याने हात वर केला.

इंजिन उतरलं. रोलर गरगरत थांबले. मामा पळत आला, गाडीत डोकं घालून काटा बघितला. त्या काट्याला लाल जोडीदार होता, सर्वांत वरच्या आकड्यावर अडकून राहणारा. "दाजी, एक पॉइंट दोन ठरलं होतं. एक पॉइंट आठला गेलाय!" मग त्याने एक स्पार्क प्लग काढला आणि उजेडात धरला. पांढऱ्या चिनीमातीवर राखाडी ठिपके होते, मिठात मिरपूड सांडावी तसे. पिस्टनचा धातू वितळून उडायला लागला होता. "अजून दोन सेकंद आणि भोक पडलं असतं. पण पकडलंत हां! वा!"

भिंगरी उतरली. ती हसत होती. "पकडलंत काय! किती उशिरा, बाबा! मला आतून केव्हाची तडतड ऐकू येत होती."

कानसेनने मफ काढला. "ऐकू येत होती?"

"पाच हजारांपासून. पॅडलमध्येसुद्धा जाणवत होती."

"मग पाय का नाही उचललास?"

तिला प्रश्नच कळला नाही. "तुमचा हात खाली होता ना," ती म्हणाली. "म्हटलं, बाबांनाही ऐकू येतंय, म्हणजे एवढं चालत असेल."

"आणि मी हात केलाच नसता तर?"

"तर नसता उचलला."

तो गाडीच्या चाकाला टेकून फरशीवर बसला. "मामा, ते गेट कापून काढ," तो म्हणाला. "दोन बसव. रविवारी आपण जात नाही." आणि मग मुलीकडे न बघता एका दमात: "मला काही ऐकू आलं नाही. तुझा चेहरा बघून हात केला. बारीक आवाज गेलेत माझे."

मामाच्या हातात प्लग तसाच राहिला.

"कधीपासून?" भिंगरीने विचारलं.

"डॉक्टर म्हणाला, तीन-चार वर्षं असतील. मला कळलं गेल्या महिन्यात."

ती बोटांवर काहीतरी मोजू लागली. तिसऱ्या बोटावर थांबली. मागची शर्यत, त्याच्या आधीची, त्याच्याही आधीची. प्रत्येक वेळी आधी ही गाडी याच रोलरवर चढली होती आणि हा हात असाच खाली राहिला होता.

"त्या शेवटच्या चढावर इंजिनातून काहीबाही आवाज येतात, बाबा," ती हळूच म्हणाली. "दरवर्षी येतात. मी पाय उचलत नाही. मला वाटायचं, हे सगळं तुम्ही आधीच ऐकून ठेवलंय."

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला नाही, झिडकारलाही नाही.

"मला वाटायचं, तिथे वर मी एकटी नसते," ती म्हणाली.