कोरड्या विहिरीची शून्यं

"यादी वर गेली, राममूर्ती. आता ती तुमच्या हातात नाही आणि माझ्याही नाही," म्हणत साहेबांनी फाइल मिटली.

तरी राममूर्ती उठले नाहीत. विहिरींच्या नोंदी तपासणाऱ्या त्या खासगी कचेरीतला प्रोग्राम त्यांनी एकट्यानं लिहिला होता. आकड्यांचा अख्खा तक्ता एका दमात हाताळणारी ती जुनी संगणकभाषा तंजावरात दुसऱ्या कुणाला येत नव्हती आणि याचा त्यांना, खोटं कशाला सांगा, चांगलाच ताठा होता. त्या भाषेला तक्ता चौकोनीच लागतो. एका विहिरीचे वर्षाचे बारा आकडे आणि दुसरीचे सातच आले, तर उरलेल्या पाच जागा ती मुकाट्यानं शून्यानं भरते. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण इथं आकडा म्हणजे काठापासून पाण्यापर्यंतची खोली. शून्य म्हणजे काठोकाठ भरलेली विहीर, हे त्यांच्या हुशार डोक्यात आलंच नाही.

ओरत्तनाडूजवळच्या एका गावाचे सातच आकडे आले होते. प्रोग्रामनं ते गाव पाणीदार ठरवलं आणि गाव नळयोजनेतून गळलं. पुढची यादी तीन वर्षांनी.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी कॉफी मागवली, झालेल्या चुकीबद्दल एक पत्र देऊन ठेवा म्हणाले. राममूर्तींनी कॉफी तशीच ठेवली आणि ओरत्तनाडूची बस पकडली.

गावची विहीर वेंकूबाई मोजायच्या. त्यांचं माहेर तंजावरचं, मराठा राजवाड्याजवळचं, त्यामुळे राममूर्ती आले की मराठीत बोलायला मिळतं म्हणून त्या खूश असत. आज त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं राममूर्तींना वाटलं.

"पांच महिने पाणीच नव्हतं, अण्णा. टेप खाली टेकायची नि कोरडीच वर यायची. जे मोजलं नाही ते कसं लिहू मेणून सोडून दिलं. माझं चुकलं की काय?"

"नाही अक्का. माझं चुकलं."

वेंकूबाईंनी वही पुढे केली. काल पुन्हा विहीर कोरडीच होती, आता काय लिहायचं ते तुम्हीच सांगा म्हणाल्या. राममूर्तींनी पेन घेतलं, तारीख घातली आणि पुढे तमिळमध्ये 'कोरडी' असं लिहिलं.

"असं लिहिलं तर नळ येईल?"

प्रोग्राम राममूर्ती आजच्या आज दुरुस्त करू शकत होते. गावाची तीन वर्षं त्यांच्या हातात नव्हती.

"उन्हातून आलांत," म्हणत वेंकूबाई आत गेल्या. हंडा कलता करून तळाचं पाणी ओतल्याचा आवाज आला. त्यांनी पेला आणून समोर ठेवला. नको म्हणायची राममूर्तींची हिंमत झाली नाही. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि थेंबही न सांडता पाणी संपवलं.