अकराचा वर्ग

“आजही दांडी? सलग तिसरी!”

ट्यूटर सिस्टरांचा आवाज असा चढला की पुढच्या रांगेतल्या दोघी वॉर्डमावश्या आपोआप ताठ बसल्या. बिचाऱ्या वेळेवर आल्या होत्या आणि न आलेलीच्या वाटची बोलणी खात होत्या. कुठल्याही वर्गात हे असंच चालतं.

रुग्णाला उचलायचं नवं यंत्र शिकायचं होतं. तीन वर्ग बुडाले की वॉर्डातून थेट धुलाई विभागात बदली, हा नियम खुद्द सिस्टरांनीच हट्टानं मंजूर करून घेतलेला. आणि त्यात सापडल्या कोण, तर एकोणीस वर्षं एकाच वॉर्डात काढलेल्या मोठ्या मावशी! सिस्टरांचा त्यांच्यावर जीव होता, म्हणून तर राग दुप्पट. वर्ग यंत्रवाल्यावर सोपवून त्या तरातरा जिना चढल्या.

मावशी हातात उशी घेऊन सात नंबरच्या आजोबांपाशी उभ्या होत्या. आजोबांचं अर्धं अंग लुळं पडलेलं.

“मावशी, अकराचा वर्ग आहे, ठाऊक आहे ना?”

“आहे की. अकरालाच यांची कूस बदलायची असते. अशी चौघं आहेत. सगळ्यांचं होईपर्यंत बारा वाजतात.”

“दुसरं कुणीतरी करेल की!”

“गेल्या वर्षी असंच म्हणालात.” मावशींनी उशी झटकली. “दिवसभराचा वर्ग होता. आले मी. इकडे पाच नंबरच्या आजी संध्याकाळपर्यंत एकाच कुशीवर. हिला वाटलं तिनं केलं, तिला वाटलं हिनं. पाठीला जखम झाली, ती भरलीच नाही. गेल्या बिचाऱ्या.”

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार? वर्ग त्याचाच होता. झोपून राहिलेल्यांना जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, त्याचा.”

मावशींच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सिस्टरांना बरं वाटलं असतं. मग त्यांनी मावशींच्या हातातली उशी काढून घेतली.

“खाली जा. आज आला नाहीत तर बदलीच्या कागदावर मला सही करावी लागेल, आणि मला ती करायची नाहीये. चौघांचं मी बघते.”

“तुम्ही?”

“का? मला काय येत नाही?”

मावशी दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. “आधी सांगायचं, मग हात लावायचा. दचकतात ते.”

“जा हो आता!”

सिस्टरांनी आजोबांना आधी सांगितलं, मग हात लावला. सावकाश वळवलं, पाठीशी उशी सारली.

“जरा खाली,” आजोबा पुटपुटले.

त्यांनी खाली घेतली.

“एवढी नाही.”

पंधरा वर्षं हेच शिकवत आलेल्या सिस्टरांनी उशी पुन्हा काढली. “मावशी कुठं ठेवतात हो, आजोबा?”

आजोबांनी आपला चालता हात हळूहळू मागे नेला, चाचपडत सिस्टरांचं मनगट धरलं आणि जागा दाखवली.