मायनं निवडलेल्या चिठ्ठ्या

नर्सिंगच्या इंग्रजी शब्दांचा पेपर माझा दोनदा उडाला होता. तिसऱ्यांदा उडाला की कॉलेजातून नाव कमी, आणि पेपर दोन दिवसांवर आलेला. तीनशे शब्द चिठ्ठ्यांवर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहून मी आमच्या गावी, डोंगरकड्याला, अंगणात रटत बसले होते. एक पाठ झाला की मागचा विसरायचा.

बाजूला माझी माय, पंचफुला, हळदीचे गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत होती. शाळेची पायरी न चढलेली बाई. सकाळपासून मी तिच्यावर दोनदा खेकसले होते.

पाणी पिऊन आले तर तिनं माझ्या चिठ्ठ्यांना हात घातलेला. त्यातल्या अकरा बाजूला काढल्या होत्या.

"काहून पसारा करून राहिली, माय?"

"ह्या तुझ्यातल्या हायेत," ती म्हणाली. "काठीला गाठोडं, मग पाय काढलेलं गाठोडं, मग फणी."

मी चिठ्ठ्या उचलल्या. प्रीनेटल, प्रिव्हेंट, प्रिकॉशन... सगळ्यांचं तोंड एकच, पी-आर-ई: काठीला गाठोडं पी, पाय काढलेलं आर, फणी ई. आणि प्रत्येकात 'आधी' बसलेलं. जन्माच्या आधीचं. होण्याआधीच थांबवणं. आधीपासून घेतलेली काळजी. दोन वर्षं मी हे अकरा शब्द वेगवेगळे म्हणून घोकत होते, आणि मायला ते एका नजरेत दिसले.

"पण माझ्यातल्या म्हणजे काय?"

माय उठली आणि पेटीतून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आली. मी जन्मले त्या दवाखान्यातला. सातव्या महिन्यातच झाले होते मी. वर लाल शाईत, कॅपिटल अक्षरांतच, एक मोठा शब्द होता, प्रीमॅच्युअर.

"ह्ये तुझंच नाव ना? तुला काचेच्या पेटीत ठेवलं व्हतं. मला आत जाऊ देत नव्हते. वाचता येत न्हाई, मंग ह्येच पाहत बसायची."

एकवीस वर्षं तिनं तो शब्द नुसता पाहून पाठ केला होता. मी सगळ्या चिठ्ठ्या तिच्यापुढे ओतल्या.

"ह्याबी निवडशील?"

"त्यात काय. हळद निवडतो आमी."

तिनं तोंडं जुळवली, मी अर्थ लावत गेले. 'ट्रान्स'च्या ढिगाचा अर्थ पलीकडचं, 'सब'च्या ढिगाचा खालचं. दिवेलागणीपर्यंत अंगणात हळदीच्या शेजारी माझे शब्द ढिगाढिगानं मांडलेले होते. इतकी मोठी भाषा, आणि माझी माय ती हातानं निवडत होती.

पेपरात कधी न पाहिलेले शब्द आले, तेही मी तोंडावरून ओळखले. पास झाले.

कागदावरचं ते माझं नाव नाही, हे मायला अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. माझं बारसं व्हायच्या आधी तिच्यापाशी माझं म्हणून तेवढंच होतं.