चावी द्यायची राहिली ती सकाळ

मित्रांनो, मी एक जुना क्रोनोमीटर आहे. नाव ऐकून दचकू नका. जहाजावरच्या अचूक घड्याळाला क्रोनोमीटर म्हणतात, एवढंच. वय विचाराल तर शंभरी कधीच ओलांडली. पितळी अंग, पांढरी तबकडी आणि राहायला सागवानी पेटी. पेटीत मला दोन कड्यांवर असं टांगलेलं आहे की जहाज कितीही डोललं तरी माझी तबकडी आपली सपाटच्या सपाट राहते.

मला घडवायला माझ्या कारागिराला चौदा महिने लागले. नंतर सहा महिने माझी परीक्षा चालली. कधी बर्फाजवळ ठेवायचे, कधी भट्टीशेजारी, आणि रोज बघायचे मी किती चुकतो ते. हो, चुकतो. मी दिवसाला दोन सेकंद पुढे जातो. पण रोज दोनच. आमच्या धंद्यात एक रीत आहे. घड्याळ पुढे गेलं म्हणून त्याचे काटे कुणी मागे सरकवत नाही. ते किती चुकलं, हे शेजारच्या वहीत रोज लिहून ठेवायचं, बस्स. चुकण्याची आम्हाला मुभा आहे, चूक लपवण्याची नाही.

तुम्ही म्हणाल, दोन सेकंदांचं एवढं काय कौतुक? समुद्रात रस्ते नसतात, मैलाचे दगड नसतात. सूर्य किती वर आला आणि माझ्यात किती वाजले, यांचा मेळ घालून आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत ते काढावं लागतं. मी एका मिनिटाने चुकलो तर नकाशावरचं जहाज पंधरा मैल सरकतं. खडक मात्र आहे तिथेच असतो.

मला एका नौदल अधिकाऱ्याने विकत घेतलं. जहाजाची वाट ठरवणं हे त्यांचं काम. मी त्यांना साहेबच म्हणेन. रोज सकाळी आठला ते हात धुऊन यायचे, "काय, झोप झाली का?" असं मला विचारायचे आणि मोजून साडेसात वेढे चावी द्यायचे. वहीत खूण करायचे. मग कप्तानांकडे जाऊन "घड्याळाला चावी दिली" असं सांगायचे. एकदा चावी दिली की मी तीस तास चालतो. चार वर्षं हा नेम एक दिवसही चुकला नाही. त्यांनी माझी काळजी घेतली तशी पुढे कुणीच घेतली नाही.

मग ती सकाळ आली. आम्ही एका लहानशा बंदरात होतो. कप्तान आठवडाभर तापाने पडून होते, म्हणून चावीचं सांगायला कुणी जात नव्हतं. सातच्या सुमारास टपालाची होडी आली. आठ वाजले. साहेब आले नाहीत. ते डेकवर एक पत्र वाचत होते; वाचून झालं की पुन्हा पहिल्यापासून वाचत होते. त्यांना मुलगा झाला होता. दहाला नांगर उचलला आणि साहेब त्या धांदलीत अडकले. दुपारी दोनला मी थांबलो. एवढं मोठं जहाज पुढे चाललं होतं आणि मी उभा होतो. ओरडावं तर मला तोंड नाही.

चारला साहेब आले आणि माझ्याकडे बघून त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. वेळेचा संदेश ऐकण्याचं यंत्र महिनाभर नादुरुस्त होतं. उरलं खिशातलं घड्याळ. त्यावरून त्यांनी माझे काटे लावले आणि मला हलकेच झोका देऊन चालू केलं. वहीत सकाळची खूण करून टाकली. खिशातलं घड्याळ दोन मिनिटं मागे होतं. हे त्यांना माहीत नव्हतं. पण ते चुकीचं असू शकतं, हे पक्कं माहीत होतं. कप्तानांना त्यांनी सांगितलं नाही. हाताखालच्यांनाही नाही. पुढच्या बंदरात दुपारी बाराला वेळ कळवणारी तोफ उडते, तिच्याशी जुळवून घेऊ, असा त्यांचा विचार. मला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली.

पाचव्या पहाटे जहाज खडकावर चढलं. नकाशात तो खडक तीस मैल लांब होता. साहेबांनी माझी पेटी वहीसकट होडीतल्या खलाशाच्या हातात दिली आणि खाली अडकलेल्यांना काढायला ते परत गेले. दोघांना त्यांनी वर ढकललं. तिसऱ्याला आणायला गेले ते गेलेच. सहा माणसं बुडाली, सातवे साहेब. होडीतल्या हिसक्यांनी मीही बंद पडलो, त्यामुळे मी किती चुकलो होतो ते कुणाला तपासता आलं नाही.

चौकशी झाली. वही चोख, रोजची खूण जागेवर. म्हणजे आकडेमोड साहेबांनी चुकवली, असा निकाल लागला. बंदरावर काळा दगड उभा राहिला. त्यावर सहा नावं कोरली. साहेबांचं नाव नाही.

मला वहीसकट साहेबांच्या घरी धाडण्यात आलं. त्यांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, माझ्याकडे पाहिलं आणि मांडीवरच्या बाळाला म्हणाल्या, "तुझे वडील चुकणारे नव्हते रे. हेच दगाबाज निघालं." झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. तेव्हापासून ऐंशी वर्षं मी त्या घराच्या लोखंडी कपाटात, फाटक्या छत्र्या आणि गळक्या बादल्यांच्या मागे पडून होतो. कुणी धूळ पुसली नाही.

ते बाळ मोठं झालं. त्याला गल्लीतली मुलं 'जहाजबुडव्याचा' म्हणायची. पुढे तो बसडेपोत टाइमकीपर झाला, आणि असा कडक की विचारू नका. बस दोन मिनिटं उशिरा सुटली की ड्रायव्हरला लाल शेरा. "दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं," हे त्याचं वाक्य डेपोत सगळ्यांना पाठ होतं. पाठीमागे त्याला 'लाल शेरा'च म्हणायचे. आता त्याला घरात सगळे बाबा म्हणतात, मीही तसंच म्हणतो.

बाबांची एकच इच्छा उरली होती. वडिलांचं नाव त्या दगडावर सातवं म्हणून कोरलं जावं, आणि ते आपल्या डोळ्यांनी बघावं. त्यांची लेक रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी ती जुने कागद हुडकू लागली. दोन वर्षं तिने जंग जंग पछाडलं. आजोबा सतराव्या वर्षी भरती झाले, एकदा शाबासकीचं पत्र मिळालं, पोहणं उशिरा शिकले. सगळं तिने शोधून काढलं. बुडालेल्या सहांपैकी पाच घरांचा पत्ता लागला नाही. सहाव्याचा लागला. जहाजावरच्या आचाऱ्याची मुलगी, बाबांहून चार-पाच महिन्यांनी लहान, घरी पुस्तकबांधणी करणारी. नौदलाच्या कचेरीने दोन गोष्टी मागितल्या होत्या. मेलेल्यांपैकी कुणाच्या तरी वारसाची संमती आणि घड्याळ खराब होतं असा जाणकाराचा दाखला. आचाऱ्याच्या मुलीने सही लगेच दिली. "घड्याळच खराब, तर माणसाचा काय दोष?" म्हणाली.

राहिला दाखला. बादल्या बाजूला झाल्या आणि मी उजेडात आलो.

घड्याळजी म्हातारा होता. त्याने मला खोललं, साफ केलं, तेल घातलं आणि दहा दिवस चालवून पाहिलं. अकराव्या दिवशी लेक आली.

"काका, खराब आहे असं लिहून द्याल ना?"

"खराब?" त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "दहा दिवसांत वीस सेकंद. दिवसाला दोन. वहीतही दोनच लिहिलेत. ताई, पन्नास वर्षांत असा माल माझ्या हाताखालून गेला नाही."

ऐंशी वर्षांनी माझी स्तुती झाली मित्रांनो, आणि ती ऐकून मला तोंड लपवावंसं वाटलं. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता.

"अजून एक आहे," घड्याळजी म्हणाला. पेटीची कुजलेली मखमल बदलताना त्याला खाली घडी केलेला कागद सापडला होता. साहेबांनी बाईंना लिहायला घेतलेलं, न पाठवलेलं पत्र. लेकीने ते तिथेच बाकावर बसून वाचलं. मग होती त्याच घडीवर ते परत दुमडलं.

"मी काही पाहिलेलं नाही," घड्याळजी हळूच म्हणाला. "तुम्ही ठरवा."

तिने दोन दिवस ते पत्र पर्समध्ये ठेवलं. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बाबांपुढे ठेवलं. बाबांनी चष्म्यावर आणखी भिंग धरलं. पत्रात लिहिलं होतं, 'मुलगा झाला हे वाचून मी भर डेकवर हसत सुटलो. त्याचं नाक माझ्यासारखं नसलं म्हणजे मिळवली. पण ऐक, कुणाला सांगू नकोस. त्या आनंदात घड्याळाला चावी द्यायची राहिली. पहिल्यांदाच. वहीत मी खूण करून ठेवली आहे. कप्तानांना बोललो नाही. बंदरात पोचलो की जुळवून घेईन, मग कुणाला कळायचंही नाही.'

बाबांनी ते तीनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा वडील त्यांच्याविषयी काही बोलत होते. त्यांचा हात आपल्या नाकाकडे गेला. मग ते ढसाढसा रडले. लेक शेजारी बसून राहिली.

चार दिवसांनी ते म्हणाले, "त्या बाईंची सही आपण खोटं सांगून घेतली."

"आपल्याला तरी कुठे माहीत होतं, बाबा?"

"आता आहे ना."

रविवारी ते आचाऱ्याच्या मुलीकडे निघाले. मला मांडीवर घेऊन बसने गेले. आचाऱ्याच्या मुलीच्या खोलीत डिंकाचा वास होता, खुर्चीवर पुठ्ठे. तिने पुठ्ठे उचलून त्यांना बसायला दिलं. बाबांनी पत्र वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही, नाकाचाही नाही.

ती म्हणाली, "तो मुलगा म्हणजे तुम्हीच का?"

"हो."

"माझे वडील गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. तिने कळवलं होतं त्यांना. ते पत्र पुढच्या बंदरात येऊन पडलं होतं. तसंच परत आलं." तिने डिंकाची वाटी झाकली. "तो कागद द्या."

बाबांनी अर्ज दिला. तिने पेन घेऊन आपल्या सहीवर एक सरळ रेघ ओढली आणि तो परत दिला.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

"तुमच्यावर राग नाही. पण त्या दगडावर माझ्या वडिलांच्या शेजारी ते नाव मला बघवणार नाही."

बाबा मान हलवून उठले. उंबऱ्याशी चप्पल त्यांना सापडेना, तेव्हा तिने पायाने ती पुढे सरकवली. म्हणाली, "तुमच्याकडे निदान अक्षर आहे त्यांचं. माझ्याकडे तेही नाही." आणि दार लोटता लोटता, "परत आलात तर संध्याकाळचे या. सकाळी मी नसते."

सातवं नाव कोरलं गेलं नाही. कधी कोरलं जाईलसं वाटत नाही. बाबांनी नौदलाच्या कचेरीला त्या पत्राची नक्कल पाठवली, सोबत चार ओळी: चौकशीच्या कागदांत ही जोडावी, दोष घड्याळाचा नव्हता. मला निर्दोष ठरवणाऱ्या त्या चार ओळी लिहायला त्यांनी किती कागद फाडले, ते मी टेबलावरून पाहिलं. त्यापेक्षा छत्र्यांमागे पडून राहिलो असतो तरी चाललं असतं.

मित्रांनो, घरातल्या मुक्या वस्तूवर दोष ढकलणं सोपं असतं, ती उलटून बोलत नाही. तसं करण्याआधी तिला एकदा चावी देऊन बघा. आणि तुमच्या हातून काही राहून गेलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. फार तर ओरडा बसेल. माझे साहेब वाईट नव्हते हो. त्यांना फक्त पुढच्या बंदरात गुपचूप जुळवून घ्यायचं होतं.